'प' नसलेल्या भाषेने इंग्रजीला काय दिलं

"काय अफलातून मिसळ आहे!" असं आपण सहज म्हणतो. मिसळीच्या निमित्ताने एका ग्रीक तत्त्ववेत्त्याचं नाव घेतलं गेलं, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. अफलातून म्हणजे प्लेटो. ग्रीकमध्ये तो प्लातोन. हे नाव अरबीत शिरताना दोन ठिकाणी अडलं. अरबीत 'प' नाही, आणि शब्दाच्या तोंडाशी जोडाक्षर चालत नाही. मग 'प'चा 'फ' झाला, पुढे टेकू म्हणून 'अ' लागला, 'त' जाड झाला. असं बदललेलं नाव फारसीच्या वाटेने मराठीत आलं आणि मिसळीपर्यंत पोचलं. इंग्रजीने तोच माणूस लॅटिनकडून घेतला, म्हणून तिथे त्याचा 'प' शाबूत आहे.

इंग्रजीत अरबी मूळ असलेले शब्द शेकड्यांनी आहेत: अल्जिब्रा, अल्कोहोल, कॉटन, झिरो, सोफा, जिराफ. यांच्या याद्या जिथेतिथे मिळतात. पण यादी वाचून 'असं होय!' एवढंच होतं. अल-कुह्लचं अल्कोहोल झालं, पण कुत्नचं मात्र अलशिवाय नुसतं कॉटन का झालं? नझीरचा नेडिर कसा? हे कळायचं तर आधी अरबी कशी बोलली जाते ते पाहावं लागतं. आपण मराठी माणसं या बाबतीत जरा नशीबवान आहोत. तेच शब्द दुसऱ्या वाटेने आपल्याकडेही आलेत, त्यामुळे ताडून बघायला घरचाच माल हाताशी आहे.

'प'पासूनच सुरुवात करू. आखातात नोकरी करून आलेल्या कुणाही रत्नागिरीकराला विचारा, तो 'बार्किंग' आणि 'बेबसी'चे किस्से सांगेल. अरबी लिपीत 'प'ला अक्षरच नाही, त्यामुळे पेप्सीच्या बाटलीवरही अरबीत 'बीब्सी'च छापलेलं असतं. फारसीवाल्यांनी अरबी लिपी उचलली तेव्हा त्यांनी 'ब'च्या खालच्या एका नुक्त्याचे (टिंबाचे) तीन करून आपला 'प' बनवला. अरबांना गरज नव्हती, ते त्या भानगडीतच पडले नाहीत.

याचा इंग्रजीतला सगळ्यात गमतीदार पुरावा म्हणजे अ‍ॅप्रिकॉट, आपलं जर्दाळू. लॅटिनमध्ये 'लवकर पिकणारं' या अर्थाचा 'प'ने सुरू होणारा शब्द होता. तो ग्रीकमधून अरबीत गेला आणि 'प'चा 'ब' होऊन 'बर्कूक' झाला. त्याला अरबी 'अल' चिकटला, अल-बर्कूक. स्पेनमध्ये त्याचं अल्बारिकोके झालं. इंग्रजीत तो सोळाव्या शतकात पोचला तेव्हाही आधी 'ब' घेऊनच आला होता, 'प' नंतर परतला. म्हणजे युरोपातून निघालेला शब्द भूमध्य समुद्राला वळसा घालून युरोपातच परत आला, आणि येताना कपाळावर अरबी 'अल'चा टिळा लावून आला. आजच्या अरबीत बर्कूक बहुतेक ठिकाणी आलुबुखाऱ्याला म्हणतात आणि जर्दाळूला मिशमिश, ती गोष्ट वेगळी.

घशातली अक्षरं

अरबी मुळाक्षरं 28. त्यांतली निम्म्याहून अधिक मराठी माणसाला विनासायास येतात. घोळ होतो तो घशातल्या आणि जाड अक्षरांपाशी.

'हे' हा घशातून दाबून काढलेला ह. ठेच्याचा घास तोंडात गेल्यावर आपण जो 'हाऽऽ' करतो, त्याच्या जवळपासचा. 'ऐन' त्याचाच जुळा भाऊ, पण आवाजासकट. डॉक्टर जीभ दाबून 'आ करा' म्हणतात तेव्हा घसा जसा आवळतो तसा आवळून काढलेला स्वर. 'खे' खाकरल्यासारखा, 'गैन' गुळणी केल्यासारखा. 'काफ' म्हणजे पडजिभेपाशी उमटणारा खोल क. शिवाय स, द, त आणि ध या चार व्यंजनांना प्रत्येकी एक जाडा भाऊ आहे. त्यासाठी जिभेचा मागचा भाग वर उचलावा लागतो, आणि त्यामुळे शेजारचा 'आ'सुद्धा 'ऑ'कडे झुकतो. जाडा त म्हणजे आपला ट नव्हे, ही चूक आपल्याकडे सर्रास होते.

इंग्रजीकडे यातलं काहीच नाही. म्हणून इंग्रजीत शिरताना ऐन सरळ गळून पडला आणि काफचा साधा क झाला. 'खे'ची गत तर बघण्यासारखी आहे. नवव्या शतकातल्या बगदादचा गणिती अल-ख्वारिझ्मी, म्हणजे ख्वारिझ्म प्रांताचा. लॅटिन लिहिणाऱ्यांनी त्याचं 'अल्गोरित्मी' केलं, आणि आज संगणकवाले ज्याला उठताबसता अल्गोरिदम म्हणतात ते मुळात एका माणसाचं आडनाव आहे. अल्कोहोलमधला 'हो' मात्र 'हे' अक्षराची खूण राखून आहे. मूळ शब्द अल-कुह्ल, डोळ्यांत घालायचा सुरमा. सुरमा म्हणजे अतिशय बारीक पूड, त्यावरून कुठलीही बारीक पूड, मग कुठल्याही पदार्थाचं शुद्ध सत्त्व, आणि सोळाव्या शतकात रसायनवाले दारूच्या अर्काला 'वाइनचं अल्कोहोल' म्हणू लागले. पुढे वाइन गळाली.

मराठीनेही काही वेगळं केलं नाही. कायदा, तालुका, जिल्हा, किल्ला, जमा या पाचही शब्दांत मुळात ऐन आहे. 'काइदा'त ऐनच्या जागी आपण य ठेवला, 'तअल्लुका'त तो गिळून ता लांबवला, 'कल्अ'मध्ये ल दुप्पट केला, 'जम्अ'च्या शेवटी आ लावला. 'जिल्हा'त तर ऐनच्या जागी चक्क ह येऊन बसलेला दिसतो. जिल्हा म्हणजे अरबीत बरगडी किंवा बाजू. बरगडीचा अधिकारी असं म्हटलं तर जिल्हाधिकाऱ्यांना आवडणार नाही.

अरब पोरं मात्र मोबाइलवर रोमन लिपीत लिहिताना ही अक्षरं सोडत नाहीत. ऐनसाठी ती 3 हा आकडा टाइप करतात आणि 'हे'साठी 7, कारण दिसायला ते साधारण तसेच दिसतात. 'मरहबा'च्या मधोमध 7 पाहिलात तर टायपिंगची चूक समजू नका.

एक सूचना करून ठेवतो. अरबी म्हणजे एकच उच्चार असं नसतं. कॉफीला ग्रंथातल्या अरबीत कह्वा म्हणतात, आखातात गहवा, कैरोत काफ गिळून अहवा. तुर्कांनी त्यातल्या व्यंजनांची सोय लावून 'काहवे' केलं, तिथून डच वगैरे करत इंग्रजीचं कॉफी झालं. इजिप्तचे अध्यक्ष नासर यांचं नाव गमाल होतं, तेच नाव दमास्कसमध्ये जमाल होतं. तेव्हा 'खरा अरबी उच्चार काय' असं कुणी ठणकावून सांगू लागलं, तर 'कुठल्या गावचा?' असं विचारायला हरकत नाही.

रमजान की रमदान?

दरवर्षी हा वाद होतो. हल्ली लोक 'रमदान मुबारक' का म्हणतात, पूर्वी तर रमजानच म्हणायचे, वगैरे. दोन्ही बाजूंचे लोक एकाच अक्षराबद्दल बोलत असतात. ते अक्षर म्हणजे 'दाद', जाडा द. अरब स्वतःच्या भाषेला अभिमानाने 'दादची भाषा' म्हणतात. इराण्यांना हा आवाज काढता येईना, त्यांनी त्याचा 'झ' केला. आपल्याकडे शब्द फारसीतून आले, म्हणून रमजान. इंग्रजीने थेट अरबांकडून ऐकला, म्हणून रमदान.

फारसीने एवढ्यावर भागवलं नाही. अरबीतली चार वेगवेगळी अक्षरं (साधा झ, जाडा द, जाडा ध आणि 'झाल' नावाचं चौथं) तिने एकाच 'झ'मध्ये कोंबली. लिहिताना चारही वेगळी, बोलताना सगळी झ. मराठीने नुक्ता न घेता ती सगळी 'ज'मध्ये घातली, पण आपल्याकडे ज दोन प्रकारे बोलायची सोय आधीपासून होतीच. 'नजर', 'हजर', 'जाहीर' यांतला ज दातांजवळचा, 'जिल्हा'तला टाळूचा, कारण पुढे इ आहे. अरबीत मात्र हजर आणि जिल्हा यांत एकच अक्षर आहे, तोच दाद. आपला हजर म्हणजे त्यांचा 'हादिर'.

या कोंबाकोंबीने काय झालं ते एका शब्दात दाखवतो. 'पोराला नजर लागली' आणि 'महाराजांना पाच मोहरा नजर केल्या' ही दोन वाक्यं घ्या. मराठीत दोन्हीकडे नजर. अरबीत पहिली नजर जाड्या ध'ची, म्हणजे पाहणं. दुसरी झाल'ची, तिचा अर्थ नवस किंवा भेट, त्यावरूनच नजराणा. दोन परके शब्द आपल्याकडे येईपर्यंत एकमेकांचे डुप्लिकेट झाले.

आणि हाच जाडा ध इंग्रजीत कसा गेला? 'द' होऊन. आकाशात आपल्या डोक्यावरच्या बिंदूच्या बरोबर विरुद्ध, पायाखालच्या बिंदूला इंग्रजीत नेडिर म्हणतात. तो अरबी 'नझीर', म्हणजे समोरचा, जोडीचा. मूळ तेच, पाहण्याचं. आपली नजर, आपला नजारा, कोर्टातला नाझर, अर्जावर पडणारा 'मंजूर' (शब्दशः 'पाहिलेला') आणि इंग्रजांचा नेडिर ही सगळी एका घरातली भावंडं आहेत. इराणकडे गेलेल्यांना झ मिळाला, स्पेनकडे गेलेल्याला द.

चिकटलेला 'अल'

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. 'अल' म्हणजे 'तो', 'ती', 'ते'. नामाला जोडूनच बोलतात, त्यामुळे परक्याला शब्द कुठे सुरू होतो ते कळत नाही. स्पेनमध्ये अरब राजवटी 711 पासून 1492 पर्यंत या ना त्या रूपात होत्या. तिथल्या लोकांनी शब्द बाजारात कानांनी ऐकले, आणि 'अल'सकट उचलले. इटलीच्या व्यापाऱ्यांनी तेच शब्द बंदरांत घेतले, पण 'अल' बहुधा तिथेच ठेवला. म्हणून साखर स्पॅनिशमध्ये असूकार, इटालियनमध्ये झुक्केरो. कापूस स्पॅनिशमध्ये आल्गोदोन, इटालियनमध्ये कोतोने. इंग्रजीला शुगर आणि कॉटन फ्रेंच-इटालियनच्या अंगाने मिळाले, म्हणून ते सडेफटिंग. अ‍ॅल्कोव्ह, अल्कली, अल्जिब्रा आले 'अल' घेऊन. (शुगरचं मूळ आपलीच शर्करा. दवाखान्यात 'शुगर वाढली' म्हणतो तेव्हा आपण साखरच म्हणत असतो, फक्त जग फिरून आलेली.)

काही वेळा हा 'अल' ओळखू येत नाही, कारण अरबीत तो पुढच्या अक्षरात विरघळतो. निम्मी अक्षरं, म्हणजे 14, अशी आहेत की त्यांच्यापुढे 'ल' टिकत नाही. त्यांना सूर्याक्षरं म्हणतात, उरलेली 14 चंद्राक्षरं. उदाहरण पुण्या-मुंबईच्या माणसाने रेल्वेच्या फलाटावर ऐकलेलं आहे: निजामुद्दीन. ते निजाम-अल-दीन, पण द सूर्याक्षर, म्हणून ल विरून द दुप्पट. अब्दुल कलामांच्या नावात क चंद्राक्षर, म्हणून ल जागच्या जागी. इंग्रजीतला अ‍ॅझिमथ, म्हणजे दिशेचा कोन, हा 'अस-सुमूत'. त्यातलं 'अझ' म्हणजे विरघळलेला अल. अ‍ॅडमिरलमध्ये तर अल शेपटाला आहे: 'अमीर-अल-', म्हणजे 'अमुकचा सरदार', आणि अमुक गायब.

आपल्याकडे शब्द फारसीच्या दरबारी कागदांतून आले. फारसीला असा 'अल' नाही, त्यामुळे किताब, कलम, हिशोब सगळे सुटसुटीत. पण अगदीच आला नाही असंही नाही. 'अलबत' मधला पहिला तुकडा तोच, आणि 'बिलकूल'च्या पोटातही तो लपलेला आहे.

चुकून झालेले शब्द

अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, आणि कित्येक अक्षरं फक्त नुक्त्यांनी वेगळी होतात. बाराव्या शतकात स्पेनमधल्या टोलेडोला बसून अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये आणणाऱ्यांची यावरून जी दाणादाण उडाली, तिची फळं आपण आजही शाळेत चाखतो.

वर आलेला सुमूत हे अनेकवचन, एकवचन 'सम्त', वाट. 'सम्त अर-रास' म्हणजे डोक्यावरची वाट. कुणा लेखनिकाने लॅटिन लिपीतल्या 'm'च्या तीन उभ्या काड्या 'ni' अशा वाचल्या, सम्तचं सेनित झालं, तेच झेनिथ. झेनिथ आणि अ‍ॅझिमथ म्हणजे एकाच शब्दाचं एकवचन आणि अनेकवचन.

मृग नक्षत्रातला तांबडा तारा, आपण ज्याला काक्षी म्हणतो, तो इंग्रजीत बीटलज्यूस. अरबीत तो 'यद अल-जौझा', जौझाचा (म्हणजे मृगाच्या आकृतीचा) हात. शब्दाच्या सुरुवातीला 'य' आणि 'ब' यांची अक्षरं सारखीच, खाली दोन नुक्ते असले तर य, एक असला तर ब. एक नुक्ता हरवला आणि हाताचा 'बद' झाला.

पण सगळ्यांवर कडी केली ती साइनने. आर्यभटाने वर्तुळाच्या जीवेवरून काढलेल्या राशीला ज्या किंवा जीवा म्हणत. अरबांनी उच्चार तसाच ठेवून 'जीबा' लिहिलं, स्वर न लिहिता, म्हणजे ज आणि ब. अरबीत जीबाला अर्थ नाही. पुढच्यांनी ते ओळखीच्या 'जैब' या शब्दासारखं वाचलं, म्हणजे अंगरख्याचा खोळा, ज्याच्यावरून हिंदीतली जेब. लॅटिन अनुवादकाने खोळ्यासाठी आपला शब्द घातला, सायनस. त्याचं साइन. दहावीतला मराठी माध्यमाचा मुलगा भूमितीच्या पुस्तकात वर्तुळाची जीवा काढतो आणि त्रिकोणमितीत साइन थिटा लिहितो, तेव्हा एकच शब्द दोनदा लिहीत असतो, मधे फक्त एक खिसा आलेला असतो.

साचे

अरबी शब्द साच्यातून निघतात. बहुतेक शब्दांच्या पोटात तीन व्यंजनं असतात, तीच मूळ. त्यांच्यात स्वर आणि जोड घातले की अर्थ बदलतो. मुळाच्या आधी 'म' लावला की बरेचदा जागा तयार होते. स-ज-द म्हणजे नमणं, मस्जिद म्हणजे नमायची जागा. तिची मराठीत मशीद, आणि स्पेनमार्गे इंग्रजीत मॉस्क. ख-झ-न म्हणजे साठवणं, त्यावरून आपला खजिना. साठवायची जागा मख्झन, अनेकवचन मखाझिन, त्याचं मॅगझिन. आधी कोठार, मग दारूगोळ्याचं कोठार, मग बंदुकीतलं काडतुसांचं कोठार, आणि 1731 साली लंडनच्या एका मासिकाने स्वतःला माहितीचं कोठार म्हणवलं. न-व-र म्हणजे उजेड, नूर. उजेडाची जागा मनारा, आपला मिनार, त्यांचं मिनरेट. त-र-ह म्हणजे टाकणं, पसरणं. टाकायची जागा मत्रह, तीच इंग्रजी मॅट्रेस. आपली 'तऱ्हा'ही त्याच मुळाची. कसं टाकलंय, कसं मांडलंय, ती तऱ्हा.

दुसरा साचा 'त'चा. तहसील, तालीम, तपशील, तजवीज, तारीफ. नुसतं मोठ्याने म्हणा, चाल एकच लागेल. मूळच्या 'तफसील'चा फ आपण प केला, म्हणजे अरबांनी प्लेटोला जे केलं त्याच्या बरोबर उलट. यातल्या तारीफचा अर्थ 'ओळख करून देणं, जाहीर करणं'. आपण त्याची स्तुती केली. व्यापाऱ्यांनी जकातीच्या जाहीर दरपत्रकाला तो शब्द लावला, इंग्रजीत तो टॅरिफ झाला. अमेरिका टॅरिफ लावते तेव्हा ती कुणाची तारीफ करत नसते, एवढं खरं.

नुसत्या कानांवर मात्र विसंबू नका. अल्जिब्रातला 'जब्र', म्हणजे मोडलेलं हाड सांधणं, आणि आपला जबरदस्त ही सख्खी भावंडं वाटतात. नाहीत. जबरदस्तमधला जबर फारसी 'झबर', म्हणजे वरचा. फारसीच्या गाळणीतून झ आणि ज आपल्याकडे एकत्र सांडले, त्याचा हा परिणाम.

आता देवाणघेवाण उलट्या दिशेने चालू आहे. इंग्रजी शब्द अरबीत येतात आणि त्याच साच्यांत ओतले जातात. बँक आली, तिचं अनेकवचन बुनूक. टेलिफोनमधून त-ल-फ-न असं मूळ काढलं आणि 'तल्फना' म्हणजे 'त्याने फोन केला' असं क्रियापद चालू केलं. फिल्मचं अनेकवचन अफलाम.

अफलाम ऐकलं की मराठी माणसाला अफलातून आठवणारच. पण अरबी शब्दकोश बहुधा मुळांप्रमाणे लावलेले असतात. त्यामुळे अफलाम शोधायचा तर 'फ'खाली जावं लागतं, कारण कालपरवा आलेल्या फिल्मला तिथे फ-ल-म असं तीन अक्षरांचं मूळ मिळालेलं आहे. अफलातून मात्र अजून अलिफखालीच सापडतो, हजार वर्षं झाली तरी बिनमुळाचा पाहुणा.